वंशपरंपरागत रेटिना विकार: पेशंटचा अनुभव मोजायचा कसा

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा रेटिनाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) वंशपरंपरागत आजार असलेल्या माणसाची नजर तक्त्यावर तपासली तर बरेचदा ६/६ किंवा ६/९, म्हणजे जवळजवळ सामान्य येते. तोच माणूस अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर कपाळ आपटतो, अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडत नाही, आणि हस्तांदोलनासाठी पुढे आलेला हात त्याला दिसत नाही. तक्ता खोटा नसतो. तो भरपूर उजेडातली, पांढऱ्यावर काळी अक्षरे वाचणारी, अगदी मधली नजर मोजतो, आणि या आजारात तीच सहसा सर्वांत शेवटी जाते. आधी अंधूक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी मरतात, म्हणून रातांधळेपणा येतो. मग नजरेचा घेर बाजूंनी आवळत जातो. भर उजेडातली बारीक नजर आणि रंग सांभाळणाऱ्या शंकुपेशींवर परिणाम होऊन वाचन अडायला लागते तोवर अनेक वर्षे गेलेली असतात.

ही मधली वर्षे कशी जातात हे पेशंटलाच माहीत असते, आणि त्याच्याकडून ते मोजता येईल अशा रूपात काढून घेण्याचे तंत्र आहे. हा लेख नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, संशोधक, पुनर्वसन कार्यकर्ते आणि पेशंट संघटना अशा सर्वांसाठी आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: कोणत्या उजेडात, हे सांगितल्याशिवाय विचारलेला प्रश्न या आजारांत जवळजवळ काहीच मोजत नाही.

उजेडाला किती महत्त्व आहे याचे ठळक उदाहरण उपचारांच्या इतिहासातच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) आरपीई६५ या जनुकातील दोषावरच्या व्होरेटिजीन नेपार्व्होव्हेक या जनुकोपचाराला मान्यता दिली. त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य निकष अक्षरांचा तक्ता नव्हता. १ लक्सपासून ४०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचे एकक) ७ ठरावीक उजेडांत अडथळ्यांची वाट पार करायची, आणि कमीत कमी किती उजेडात ती जमते ते पाहायचे, असा तो निकष होता. वर्षभराने उपचार घेतलेल्यांत सरासरी १.८ पायऱ्यांची सुधारणा दिसली, न घेतलेल्यांत ०.२ पायऱ्यांची. तक्त्यावरच्या नजरेतला फरक मात्र सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. तक्त्यावरच भिस्त ठेवली असती तर उपचाराचा गुण हातातून निसटला असता.

आधी ठरवा: नेमके काय मोजायचे आहे

‘पेशंटचा अनुभव’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. पहिली लक्षणे: अंधारात न दिसणे, चकाकी सहन न होणे, डोळ्यांसमोर ठिणग्या किंवा लुकलुक दिसणे. दुसरी कामे: वाचणे, जिना उतरणे, गर्दीतून चालणे, चेहरा ओळखणे. तिसरी मनावरचा परिणाम: भीती, चिडचिड, इतरांवर अवलंबून राहण्याची सल. चौथी आजाराचे ओझे: सोडून दिलेली नोकरी, टाळलेले समारंभ, उपचारासाठीच्या फेऱ्या. या चारही गोष्टी एका बेरजेत घातल्या की हाती आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. नजर घसरली आणि मन सावरले तर बेरीज तिथेच राहते, आणि वाटते की काहीच बदलले नाही.

दुसरा प्रश्न आजाराच्या प्रकाराचा. २५० हून अधिक जनुकांतील दोषांमुळे हे विकार होतात, पण प्रश्न निवडताना जनुकापेक्षा ‘कोणत्या पेशी आधी जातात’ हे जास्त उपयोगी पडते. रेटिनायटिस पिगमेंटोसा आणि कोरॉयडेरेमियात अंधार आणि बाजूची नजर यांवर भर हवा. मधली नजर आधी घालवणाऱ्या स्टारगार्ट आजारात आणि शंकुपेशींच्या विकारांत वाचन, चेहरे, रंग आणि बारीक काम. ॲक्रोमॅटोप्सियात (शंकुपेशी जन्मतःच काम करत नाहीत अशा आजारात) उन्हाने डोळे दिपणे हेच मोठे दुखणे असते, आणि तिथे अंधूक उजेडात पेशंट उलट अधिक सुखात असतो. अशरच्या आजारात ऐकूही कमी येते, त्यामुळे प्रश्न विचारायच्या पद्धतीपासून सगळे बदलते.

तिसरी बाब हेतूची. दवाखान्यात पाठपुरावा करायचा आहे, उपचाराची चाचणी घ्यायची आहे की पुनर्वसनाची गरज शोधायची आहे, हे लिहून काढा. एका हेतूसाठी उत्तम ठरलेले साधन दुसऱ्या हेतूसाठी कुचकामी ठरू शकते. ते कसे, ते पुढे येईलच.

तयार प्रश्नावली निवडताना

नवीन प्रश्नावली बनवण्याचा मोह आवरा. आधी जे आहे ते तपासा.

सर्वाधिक वापरली जाणारी एनईआय व्हीएफक्यू-२५, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची दृष्टिकार्याची प्रश्नावली. २५ प्रश्न, १२ गट, गुण ० ते १००, आणि जास्त गुण म्हणजे बरी स्थिती. सगळ्यांना माहीत असल्याने जुन्या अभ्यासांशी तुलना करता येते. पण ती मोतीबिंदू, काचबिंदू, वयोमानाने होणारा मॅक्युलाचा (रेटिनाच्या मधल्या भागाचा) ऱ्हास, मधुमेही रेटिनोपॅथी अशा आजारांच्या पेशंटांशी बोलून बनवलेली आहे. रातांधळेपणावर तिच्यात फार थोडे आहे. शिवाय रॅश विश्लेषणात (प्रश्न आणि माणसे एकाच पट्टीवर मांडून तपासण्याच्या सांख्यिकी पद्धतीत) ती एकच गोष्ट मोजत नाही असे दिसून आले आहे. तिच्यातले दृष्टिकार्याचे प्रश्न आणि सामाजिक-भावनिक प्रश्न दोन वेगळ्या दिशांनी जातात. म्हणून तिचा एकूण गुण वापरायचा झाला तर सावधपणे वापरा.

मिशिगन रेटिनल डीजनरेशन क्वेश्चनेअर, म्हणजे एमआरडीक्यू, याच आजारांसाठी घडवलेली आहे. तिच्यात ५९ प्रश्न असून ७ क्षेत्रे वेगवेगळी मोजली जातात: मधली नजर, रंग, काँट्रास्ट, अंधारातली नजर, भर उजेडातली बाजूची नजर, अंधूक उजेडातली बाजूची नजर आणि प्रकाश सहन न होणे. बाजूच्या नजरेचे उजेडानुसार दोन भाग केले आहेत, आणि आमच्या मते हेच या साधनाचे बलस्थान आहे. तिच्या गुणांची दिशा मात्र उलटी आहे, गुण वाढले की त्रास वाढला. व्हीएफक्यू आणि एमआरडीक्यू एकाच तक्त्यात मांडणाऱ्यांनी दिशा स्तंभाच्या मथळ्यातच लिहावी. नाहीतर सहा महिन्यांनी तक्ता उघडणारा नवा माणूस बिघाडाला सुधारणा समजतो.

तिची जोडीदार एमव्हीएक्यू, म्हणजे मिशिगनचीच नजरेशी निगडित चिंतेची प्रश्नावली. १४ प्रश्नांत नजरेमुळे येणारी चिंता दोन भागांत मोजते: दंडपेशींच्या कामाशी निगडित चिंता आणि शंकुपेशींच्या कामाशी निगडित चिंता. रेटिनायटिस पिगमेंटोसा आणि लेबर जन्मजात अमॉरोसिस (जन्मापासूनच नजर खूप कमी असण्याचा आजार) यांसाठी व्हिझिओ-प्रो हे साधन आहे, आणि त्याचीच पालकांनी भरायची निरीक्षणाची आवृत्ती आहे. कमी उजेडापुरतेच मोजायचे असेल तर ३२ प्रश्नांची लो ल्युमिनन्स क्वेश्चनेअर आहे, पण ती मॅक्युलाच्या ऱ्हासासाठी बनलेली असल्याने बाजूची नजर आवळण्याचा अनुभव तिच्यात पुरेसा येत नाही.

आरोग्यविषयक खर्चाच्या हिशेबात वापरली जाणारी ईक्यू-५डी इथे एकटी वापरू नका. तिच्या पाच भागांत दृष्टीवर एकही प्रश्न नाही.

साधन ठरले की मालकाची परवानगी लिखित घ्या, आणि शब्द, क्रम, उत्तरांचे पर्याय यांत परस्पर बदल करू नका. ‘हा प्रश्न आपल्याकडे लागू नाही’ म्हणून एखादा गाळला की त्या क्षेत्राचा गुण इतर कोणाच्याही गुणांशी ताडता येत नाही.

प्रश्न लिहावाच लागला तर

कधीकधी तयार साधनात हवे ते नसते. डोळ्यांसमोरची लुकलुक हे त्याचे उत्तम उदाहरण. अनेक पेशंट तिच्याबद्दल सांगतात, पण पुष्कळ प्रश्नावल्यांत ती सापडत नाही. अशा वेळी आधी पेशंटांशी मोकळ्या मुलाखती करा, प्रत्येकी साधारण तास-सव्वा तास. आजाराच्या सुरुवातीचे, मधल्या टप्प्याचे आणि जवळपास अंधत्व आलेले, तिन्ही गट त्यात हवेत. ओळीने आलेल्या काही मुलाखतींत नवे काहीच निघेना, की थांबा. पहिला प्रश्न नेहमी उघडा ठेवा: ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नजरेमुळे कुठे कुठे अडलात ते सांगा.’ लक्षणांची यादी वाचून दाखवली तर यादीच परत मिळते.

मग प्रश्नाची भाषा. एक कच्चा प्रश्न घेऊ:

‘तुम्हाला चालताना अडचण येते का?’

याला ‘हो’ म्हणणाऱ्या दोघांचे आजार पूर्ण वेगळे असू शकतात. दुपारी की रात्री? ओळखीच्या घरात की अनोळखी जागी? सोबत कोणी होते का? अडचण नजरेची की गुडघ्याची? आज की गेल्या वर्षी? या प्रत्येक शंकेचे उत्तर प्रश्नातच यायला हवे. सुधारलेले रूप असे:

‘गेल्या ७ दिवसांत, सूर्य मावळल्यानंतरच्या अंधूक उजेडात, अनोळखी जागी एकट्याने चालताना, नजरेमुळे तुम्हाला किती अडचण आली?’

पर्याय: अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप, नजरेमुळे असे चालणेच सोडले आहे, दुसऱ्या कारणामुळे करत नाही, या ७ दिवसांत असा प्रसंग आला नाही.

यातही एक पेच उरतो: काठी. ‘काठी न वापरता’ असे घातले तर रोज काठी वापरणारा माणूस अंदाजाने उत्तर देतो. ‘नेहमीची साधने वापरून’ असे घातले तर काठीचे प्रशिक्षण झाल्यावर गुण सुधारतो, रेटिना मात्र होती तिथेच असते. आमचा निवाडा असा: पुनर्वसनाचा परिणाम पाहायचा असेल तर साधनांसह विचारा, कारण तिथे माणसाचे चालणे सुधारले हाच निकाल आहे. उपचाराची चाचणी असेल तर साधनांशिवाय विचारा आणि काठी, टॉर्च, सोबत, फोनचा दिवा यांची नोंद प्रत्येक भेटीत वेगळ्या पानावर करा. ती नोंद नसेल तर वर्षभराने दिसलेला बदल डोळ्याचा की काठीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

उजेडाचे वर्णन विशेषणांनी करू नका. ‘कमी उजेड’ म्हणजे किती, हे ज्याच्या दंडपेशी गेल्या आहेत त्याला निरोगी माणसापेक्षा निराळे वाटते. प्रसंग द्या: दिवे मालवल्यावर सिनेमागृहात शिरताना, भर उन्हातून घरात आल्यावर पहिली काही मिनिटे, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पडल्यावर. उन्हातून सावलीत येण्याचा प्रसंग मुद्दाम घ्या. निरोगी डोळ्यालाही पूर्ण अंधाराला सरावायला अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. या आजारात तो अवधी लांबतो, किंवा सराव होतच नाही. हा त्रास ‘रात्री दिसते का’ या प्रश्नात सापडत नाही, कारण तो दिवसाढवळ्या होतो.

एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. ‘जिना चढता-उतरताना’ असे लिहू नका. चढताना पुढच्या पायरीचा उभा भाग समोर असतो, उतरताना पायरीची कड खालच्या बाजूच्या नजरेत येते आणि तिचा रंग खालच्या पायरीत मिसळून जातो. चढणे सोपे आणि उतरणे अवघड असे सांगणारे पेशंट भरपूर भेटतात, आणि जोडप्रश्नात ते मधलाच पर्याय निवडून मोकळे होतात.

लिहून झालेले प्रश्न पाच-सात पेशंटांपुढे ठेवा आणि प्रत्येक प्रश्नावर त्यांना मोठ्याने विचार करायला सांगा: ‘हे वाचून तुमच्या मनात कोणता प्रसंग आला? हा पर्याय का निवडला, त्याच्या आधीचा का नाही?’ उत्तर आणि मनातला प्रसंग जुळत नसेल तर प्रश्न बदला आणि दुसऱ्या फेरीत नव्या पेशंटांपुढे ठेवा.

भाषांतर

दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही मसुदे जुळवून एक करायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलट भाषांतरित करायचा, मूळ साधनकर्त्यांशी फरकांवर बोलायचे, आणि शेवटी पेशंटांकडून वरीलप्रमाणे तपासून घ्यायचे. उलट भाषांतर जुळले म्हणजे काम झाले असे मानणे ही नेहमीची चूक. शब्दाला शब्द ठेवलेले अवघडलेले वाक्यच सर्वांत सुंदर उलट भाषांतरित होते, आणि पेशंटला तेच कळत नाही. पर्यायांची उतरंडही तपासा. ‘थोडी’, ‘मध्यम’, ‘बरीच’, ‘खूप’ यांची चिठ्ठ्यांवर सरमिसळ करून पेशंटांना क्रम लावायला सांगा. दोन शब्दांची अदलाबदल वारंवार झाली तर त्यातला एक काढा.

प्रश्नावली भरून घेताना

इथे सर्वांत जास्त माहिती वाया जाते, आणि कारणे साधी असतात.

पहिले, वेळ. प्रश्नावली बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याच्या आधी घ्या. थेंबांनंतर जवळचे पुसट होते आणि उजेड टोचतो. त्या तासाभरातला त्रास ‘गेल्या ७ दिवसांच्या’ उत्तरांत शिरतो. तसेच त्या दिवशीच्या फील्ड टेस्टचा (नजरेचा घेर मोजणाऱ्या चाचणीचा) किंवा ओसीटीचा (रेटिनाच्या थरांच्या स्कॅनचा) निकाल कळण्याआधी घ्या. ‘घेर आणखी कमी झालाय’ हे ऐकून खुर्चीत बसलेला माणूस वेगळी उत्तरे देतो.

दुसरे, माध्यम. छापील असेल तर अक्षर निदान १८ पॉइंटचे, ठळक, साधे, ओळींत मोकळी जागा, कागद न चमकणारा. मोठा आकार सर्वांना सोयीचा असतो असे समजू नका. ज्याचा घेर १० अंशांवर आला आहे त्याला फार मोठ्या अक्षरांत एकेक शब्दही एका नजरेत मावत नाही, आणि ओळ हरवते. त्याच्यासाठी मध्यम अक्षर आणि अरुंद स्तंभ बरा. पडद्यावर घ्यायची असेल तर काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे असे दोन्ही पर्याय द्या, आवाजी वाचन सॉफ्टवेअरवर स्वतः चालवून पाहा, आणि एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवा. प्रश्न डावीकडे आणि पर्यायांची गोल चिन्हे उजवीकडे अशी जाळीदार मांडणी बोगद्यासारख्या नजरेच्या माणसासाठी सापळाच असते. तो वरच्या ओळीचे उत्तर खालच्या ओळीत नोंदवतो आणि त्याला ते कळतही नाही.

वाचून दाखवायची वेळ आली, आणि प्रगत आजारात ती येतेच, तर वाचणाऱ्याने शब्दशः, एकाच गतीने, पर्याय दर वेळी सगळे वाचायचे. ‘म्हणजे तुम्हाला अडचण येते, बरोबर ना?’ असे सुचवायचे नाही. समोर माणूस असला की लोक त्रास कमी करून सांगतात, म्हणून एका पेशंटसाठी एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा. नजर घसरणार हे माहीत असल्याने सुरुवातीपासूनच तोंडी पद्धत निवडणे दीर्घ अभ्यासात शहाणपणाचे ठरते. नाहीतर आजार वाढतो तेव्हाच पद्धतही बदलते आणि दोन्ही परिणाम एकमेकांत गुंततात.

तिसरे, नातेवाईक. त्यांना प्रेमाने पण ठामपणे बाहेर बसायला सांगा. नवऱ्यासमोर ‘स्वयंपाक करताना भाजते का’ याचे खरे उत्तर देणे अनेकींना जड जाते, आणि मुलांसमोर ‘पडण्याची भीती वाटते’ हे म्हाताऱ्या वडिलांना सांगवत नाही.

चौथे, चष्मा. ‘नेहमीचा चष्मा किंवा काँटॅक्ट लेन्स वापरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून’ हे सूचनेत लिहा. ५९ प्रश्न तोंडी घेताना मध्ये विश्रांती ठेवा. शेवटच्या पानावरची ओळीने सारखी उत्तरे ही थकव्याची खूण असते. अशरच्या पेशंटसाठी शांत खोली, चेहऱ्यावर उजेड, समोरासमोर बसणे आणि ज्याला लागेल त्याला खुणांच्या भाषेचा किंवा स्पर्शाने समजावणारा दुभाषी, ही तयारी भेटीआधीच करा.

दोन डोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट चाचण्या आखताना निसटते. जनुकोपचार बरेचदा आधी एकाच डोळ्याला देतात, आणि तोही अनेकदा अधिक खराब डोळा असतो. प्रश्नावली मात्र दोन्ही डोळ्यांनी जगणाऱ्या माणसाला विचारते, आणि तो बऱ्या डोळ्याने जगत असतो. उपचार लागू पडला तरी गुण हलणार नाहीत अशी रचना आपणच केलेली असते. अशा चाचणीत प्रश्नावलीला मुख्य निकष करू नका.

मुले

आठ वर्षांच्या पुढचे मूल बहुतेक प्रश्नांची उत्तरे स्वतः देऊ शकते आणि त्यालाच विचारावे. ८ ते १८ वयासाठी आयव्हीआय-सी ही प्रश्नावली आणि ५ ते १८ वयासाठी २५ प्रश्नांची कार्डिफ प्रश्नावली आहे. विकसनशील देशांतील शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली एल. व्ही. प्रसाद फंक्शनल व्हिजन क्वेश्चनेअर २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान मुलांसाठी पालकांना विचारायचे तर फक्त डोळ्यांनी पाहता येईल असेच विचारा: खेळणे खाली पडल्यावर चाचपडते का, संध्याकाळी अंगणात आपल्याला बिलगून चालते का. ‘त्याला भीती वाटते का’ याचे उत्तर पालकांच्या स्वतःच्या भीतीतून येते. जन्मापासून असेच पाहणाऱ्या मुलाला इतरांना किती दिसते हे माहीत नसते, म्हणून ‘नीट दिसते का’ असे विचारण्यात अर्थ नाही. तो ‘हो’च म्हणणार.

गुण काढणे

व्हीएफक्यूच्या अडचणीच्या प्रश्नांत १ ते ४ या उत्तरांना अनुक्रमे १००, ७५, ५० आणि २५ गुण मिळतात. ‘नजरेमुळे सोडून दिले’ या ५ ला ०. ‘दुसऱ्या कारणाने करत नाही किंवा रस नाही’ हे ६ रिकामे धरायचे. गटाचा गुण म्हणजे भरलेल्या उत्तरांची सरासरी.

समजा एका गटाच्या चार प्रश्नांची उत्तरे २, ४, ५ आणि ६ आहेत. गुण ७५, २५, ०, रिकामे. सरासरी १०० भागिले ३, म्हणजे ३३.३. आता ६ ला चुकून ० दिले तर सरासरी २५ येते. आणि ‘करतच नाही’ म्हणून ५ लाही रिकामे धरले तर ५०. पान एकच, गुण तीन. ५ रिकामे धरण्याची चूक विशेष घातक असते, कारण ज्याने नजरेपायी सर्वाधिक गोष्टी सोडल्या आहेत त्याचाच गुण वर जातो. गाडी चालवण्याच्या प्रश्नांतही हेच: कधीच न चालवलेल्याचे रिकामे, मुख्यतः नजरेमुळे सोडलेल्याचे ०. एकूण गुणात सर्वसाधारण आरोग्याचा प्रश्न धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सरळ सरासरीची मर्यादा अशी की ती ‘वर्तमानपत्र वाचणे’ आणि ‘अंधारात जिना उतरणे’ सारख्याच अवघड धरते. रॅश किंवा त्यासारखे विश्लेषण प्रश्नाची काठिण्यपातळी आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मांडते. तपासायच्या गोष्टी: उत्तरांचे पर्याय क्रमाने चढतात का, प्रत्येक प्रश्नाचा जुळणी निर्देशांक (उत्तरे अपेक्षित साच्याशी किती जुळतात तो आकडा) ०.७ ते १.३ मध्ये आहे का, पर्सन सेपरेशन (माणसांमधला फरक किती नीट ओळखता येतो तो आकडा) २ च्या वर आहे का, आणि उरलेल्या फरकांतील पहिल्या घटकाचे मूल्य २ च्या खाली आहे का (म्हणजे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते का). सेपरेशन २ म्हणजे पेशंटांचे साधारण तीन थर वेगळे ओळखता येतात. प्रश्नांच्या जागा अर्ध्या लॉजिटच्या (लॉजिट हे या पट्टीचे एकक) आत पक्क्या व्हायला साधारण १०० माणसे लागतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा साधारण ४,००० जणांत एकाला होतो, त्यामुळे एका केंद्राला हे जमणे कठीण. तीन-चार केंद्रांनी एकाच पद्धतीने माहिती गोळा करणे हाच मार्ग, आणि त्यासाठी भरून घेण्याची लेखी कार्यपद्धती आधी सर्वांनी मान्य करायला हवी.

भरवसा पाहण्यासाठी साधारण दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा घ्या. इतक्यात रेटिना बदलत नाही आणि आधीची उत्तरे बहुतेक विसरलेली असतात. आंतरवर्गीय सहसंबंध (दोन वेळचे गुण किती जुळतात ते दाखवणारा आकडा, जास्तीत जास्त १) निदान ०.७ हवा. एकेका पेशंटचे निर्णय घ्यायचे असतील तर ०.९ च्या आसपास हवा. डोळ्यांच्या चाचण्यांशी संबंध मध्यमच निघेल अशी अपेक्षा ठेवा. फील्ड टेस्टशी तंतोतंत जुळणारी प्रश्नावली नवे काही सांगत नाही.

बदल खरा की भास

समजा गुणांचे प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या गुणांचा पसारा) १५ आणि विश्वसनीयता ०.९० आहे. मोजमापाची चूक १५ गुणिले √०.१०, म्हणजे सुमारे ४.७. एका माणसात खरा मानता येईल असा किमान बदल १.९६ गुणिले √२ गुणिले ४.७, म्हणजे सुमारे १३ गुण. एखाद्याचे ८ गुण घसरले म्हणून त्याला ‘आजार वाढलाय’ सांगणे या हिशेबाने चूक. शंभर जणांच्या गटाची सरासरी ८ ने घसरली तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

पेशंटच्या दृष्टीने बदल किती मोठा, हे वेगळे. त्यासाठी प्रत्येक भेटीत एक साधा प्रश्न जोडा: ‘मागच्या भेटीच्या तुलनेत तुमची नजर कशी आहे?’ ‘थोडी बिघडली’ म्हणणाऱ्यांच्या गुणांत सरासरी किती फरक पडला, ते पाहा. दोन भेटींत वर्षाहून जास्त अंतर असेल तर हा प्रश्न कच्चा पडतो, कारण मागची नजर नेमकी आठवत नाही. तेव्हा ‘आज अंधारात किती त्रास आहे’ असे दर भेटीत विचारून फरक आपण काढावा.

गुण हलले की रेटिनाकडे बोट दाखवण्याआधी चार गोष्टी पाहा. मोतीबिंदू, जो या पेशंटांत लवकर येतो. मॅक्युलाची सूज, जी ओसीटीवर दिसते आणि औषधाने बरेचदा कमी होते. राहती जागा किंवा काम बदलले का. आणि काठीचे किंवा मोबाइलच्या आवाजी वाचनाचे शिक्षण मधल्या काळात झाले का. पाचवी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. माणूस स्वतःची पट्टीच बदलतो. तीन वर्षांपूर्वी ज्याला तो ‘खूप अडचण’ म्हणत होता त्याला आज ‘थोडी’ म्हणतो, कारण वाट सरावाची झालेली असते. हे जुळवून घेणे खरे आहे आणि मोलाचे आहे, पण त्याने नजर सुधारली असे होत नाही. म्हणून प्रश्नावलीच्या शेजारी निदान एक कृतीची चाचणी ठेवा: ठरावीक लक्समधली वाट, किंवा मंद उजेडातले वाचन.

मनाची तपासणी, जबाबदारीने

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेत असाल तर तिच्या सातव्या प्रश्नाकडे लक्ष द्या. एकाग्रता विचारताना त्यात वर्तमानपत्र वाचण्याचे आणि टीव्ही पाहण्याचे उदाहरण आहे. नजर गेलेला माणूस नजरेमुळेच ‘जवळजवळ रोज’ म्हणू शकतो आणि त्याचे गुण विनाकारण वाढतात. प्रश्नाचे शब्द बदलू नका. उत्तरानंतर कारण विचारून बाजूला नोंदवा.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो विचारायचा तर उत्तर त्याच दिवशी, पेशंट घरी जाण्याआधी वाचणारा माणूस नेमलेला हवा, आणि ‘अजिबात नाही’ याखेरीज काही आले तर कोणाला बोलवायचे हे लेखी ठरलेले हवे. ही सोय नसेल तर प्रश्नावली टपालाने किंवा लिंकने पाठवू नका. या आजारात निदानाच्या दिवसांइतकाच गाडी चालवणे सोडण्याचा काळ आणि आपला दोष मुलाकडे गेल्याचे कळण्याचा काळ नाजूक असतो. जनुकीय अहवालाच्या भेटीला म्हणूनच जास्त वेळ ठेवा.

भरलेली प्रश्नावली डॉक्टरांच्या टेबलावर एका पानात पोहोचली पाहिजे: क्षेत्रवार गुण, मागच्या वेळचे गुण, आणि ‘नजरेमुळे सोडले’ असे उत्तर आलेल्या कामांची यादी. ही यादीच आधी वाचा. उन्हात बाहेर पडणे सोडले असेल तर रंगीत काचांची चाचणी, रात्री फिरणे सोडले असेल तर चालण्याचे प्रशिक्षण, वाचन सोडले असेल तर भिंग आणि आवाजी वाचन. हे त्याच भेटीत सुचवा आणि पेशंटला सांगा की हे तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून सुचवतो आहोत. पुढच्या वेळी तो ५९ प्रश्नांना बसतो तेव्हा घाईने खुणा करत नाही.